परक्या मुलखातील शाळा : प्रस्तावना

निर्वासितांचा लोंढा एखाद्या देशाच्या सीमेवर येऊन धडकला म्हणजे त्या देशाच्या सरकारला ज्या गोष्टींची तजवीज प्रथम करावी लागते, त्या गोष्टी, म्हणजे धान्य, पाणी, तंबू, औषधे आणि आलेल्या माणसांची मोजदाद करणारा एखादा कारकून, अशा असतात की त्यांची निकड डोळ्यांना दिसते, त्यांचा खर्च आकड्यांत मांडता येतो आणि त्या पुरविल्या की नाही याचा निकाल आठ-पंधरा दिवसांत लागतो. शाळेचे तसे नाही. शाळा उघडली नाही म्हणून त्या आठवड्यात कोणी दगावत नाही. तिचा अभाव दहा-बारा वर्षांनी जाणवू लागतो, आणि तोवर ज्या अंमलदाराने ती उघडावयाची तो बदलून गेलेला असतो. त्यामुळे मदतीच्या याद्यांत शाळेचे नाव तळाशी असते आणि पैसा आटू लागला की पहिली कात्री तिलाच लागते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाचे अलीकडचे अहवाल पाहिले तर शालेय वयाच्या निर्वासित मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुले आजही शाळेबाहेर आहेत, आणि ही स्थिती युद्धाच्या धामधुमीतील नसून जेथे निर्वासित वर्षानुवर्षे वस्ती करून आहेत अशाही ठिकाणची आहे.

या परिस्थितीची जी कारणे सामान्यतः दिली जातात, ती म्हणजे इमारत नाही, शिक्षक नाहीत, पुस्तके नाहीत, भाषा कळत नाही, सगळी खरी आहेत, आणि पुढील लेखांत त्यांचा परामर्श जागोजाग घेतलेला आढळेल. परंतु या सर्व अडचणींच्या मुळाशी एक अशी अडचण आहे की जी पैशाने दूर होत नाही. शाळा ही भविष्यकाळाविषयी एक गोष्ट गृहीत धरून चालते. गावातील मास्तर मुलाला जिल्ह्याचा नकाशा शिकवितो तेव्हा हा मुलगा याच जिल्ह्यात, निदान याच देशात, मोठा होणार हे त्याने धरलेले असते, आणि ते इतके स्वाभाविक असते की त्याचा उच्चारही करावा लागत नाही. निर्वासितांच्या शाळेत मात्र पहिल्या तासाआधीच हा प्रश्न दारात उभा राहतो, की या मुलाला कोणत्या मुलखासाठी तयार करावयाचे : जो मागे सुटला त्यासाठी, जो आज पोसतो आहे त्यासाठी, की जो तिसरा कोणता तरी देश उद्या कदाचित आसरा देईल त्यासाठी? उत्तर कोणालाच ठाऊक नसते, आणि तरीही वेळापत्रक सोमवारी सकाळी तयार असावे लागते.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी मराठी वाचकास फार दूर जावे लागत नाही. कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर, पंचगंगेच्या खोऱ्यात, वळिवडे या गावी 1943 पासून 1948 पर्यंत पोलिश निर्वासितांची जी छावणी होती, तिच्यात सुमारे पाच हजार माणसांची वस्ती होती आणि तीत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. ही माणसे कोल्हापुरास कशी पोचली हा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण त्यांच्या शाळेचे सारे गुणदोष त्या इतिहासातून निघालेले आहेत. सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि त्याच महिन्याच्या 17 तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. त्यानंतर फेब्रुवारी 1940 ते जून 1941 या अवधीत चार मोठ्या खेपांनी पूर्व पोलंडातील लाखो माणसे, ज्यांत आधीच्या युद्धातील कामगिरीबद्दल जमिनी मिळालेले सैनिक होते, जंगलखात्याचे नोकर होते, अधिकाऱ्यांची आणि शिक्षकांची कुटुंबे होती, मालगाड्यांत भरून अर्खांगेल्स्कच्या अरण्यांत, सायबेरियात आणि कझाकस्तानच्या माळांवर नेण्यात आली. जून 1941 मध्ये जर्मनीने रशियावरच स्वारी केल्यावर कालचा कैदी आजचा दोस्त ठरला. 30 जुलै 1941 रोजी लंडनमधील पोलिश सरकार आणि रशिया यांच्यात तह झाला, सेनापती आंडर्स यांच्या हाताखाली सैन्य उभे राहू लागले, आणि त्या सैन्याच्या आश्रयाने 1942 मध्ये हजारो स्त्रिया व मुले क्रास्नोवोद्स्क बंदरातून कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. विषमज्वराने आणि अतिसाराने त्यांतील कितीतरी तेथेच गेली. उरलेल्यांना इराणात कायमचे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान अशी त्यांची पांगापांग झाली. आपल्याकडे पहिली मुले आली ती नवानगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे दिग्विजयसिंहजींनी, बालाचडी येथे समुद्रकाठी वसविलेल्या छावणीत. वळिवड्याची मोठी वसाहत त्यानंतर वर्षभराने उभी राहिली.

बराकींच्या त्या नव्या गावात देऊळ, म्हणजे त्यांचे चर्च, उभे राहिले, दवाखाना झाला, दुकाने झाली. परंतु ज्या गोष्टीभोवती त्या वसाहतीचे सारे दिनमान फिरत असे ती शाळा होय. लहानग्यांच्या वर्गापासून प्राथमिक शाळा, पुढे चार वर्षांचे गिम्नाझ्युम आणि दोन वर्षांचे लिसेउम, अशी 1932 च्या पोलिश कायद्याने आखून दिलेली शिक्षणाची सारी चढण त्या पत्र्याकौलांच्या छपरांखाली पुन्हा उभारण्यात आली. मायदेशात त्या वेळी जर्मनांनी पोलिश मुलांसाठी उच्च शिक्षणाचे दरवाजे बंद केले होते आणि तेथील शिक्षक घराघरांतून चोरून वर्ग घेत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे करवीर इलाख्यातील त्या उघड्या, राजरोस शाळेचे त्या लोकांना काय मोल वाटले असेल याची कल्पना येते.

अडचणी मात्र पावलोपावली होत्या. पहिली शिक्षकांची. 1940 च्या वसंतात कातीन आणि इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश कैद्यांची रशियन गुप्त पोलिसांनी जी कत्तल केली, तिच्यात राखीव दलातील अधिकारी म्हणून हजर झालेले शिक्षक आणि प्राध्यापक पुष्कळ होते. जे पुरुष वाचले ते आंडर्सच्या सैन्याबरोबर इराक, पॅलेस्टाइन आणि पुढे इटलीकडे गेले. राहिल्या त्या स्त्रिया. त्यांतील ज्यांना अध्यापनाची सनद होती त्यांनी, आणि जेथे त्या कमी पडल्या तेथे केवळ शिकलेल्या होत्या म्हणून पुढे आलेल्या इतरांनी, हे काम उचलले. दुसरी अडचण पुस्तकांची. पोलिश सैन्याबरोबरच्या मुलांसाठी जेरुसलेम येथे क्रमिक पुस्तके छापण्यात येत असत. परंतु युद्धकाळातील जहाजांच्या टंचाईत ती पुरेशी पोचणे कठीणच होते.

तिसरी अडचण वयाची. तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ती सर्व निर्वासित शाळांत सारखीच आढळते आणि बाहेरच्या माणसाला ती सर्वांत उशिरा कळते. 1940 मध्ये जे मूल दहा वर्षांचे होते ते वळिवड्यास आले तेव्हा तेराचे झालेले होते. या तीन वर्षांत त्याने एकतर काहीच शिकलेले नव्हते, किंवा रशियन शाळेत अशा गोष्टी शिकलेल्या होत्या की ज्या त्याच्या आईने घरी येताच खोडून काढल्या. परंतु त्याच काळात त्याने लाकडे वाहिली होती, भाकरीच्या रांगेत रात्री काढल्या होत्या, धाकट्या भावंडांना कधी जगविले होते तर कधी पुरले होते. अशा मुलाला दुसरीच्या बाकावर, सात वर्षांच्या पोरांशेजारी बसविले, तर त्याचे गुडघे बाकाखाली मावत नाहीत आणि त्याचा अभिमानही मावत नाही. त्याला वयाप्रमाणे वरच्या वर्गात बसविले, तर अपूर्णांक येत नाहीत. यावर जगभर एकच उपाय सापडलेला आहे, तो म्हणजे दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात घेणारे स्वतंत्र वर्ग, आणि तो सर्वांत कुशल शिक्षकच करू शकतो. असे शिक्षक जेथे सर्वांत दुर्मीळ तेथेच त्याची गरज सर्वांत अधिक असते. आपल्या 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेही, शाळेबाहेर राहिलेल्या मुलास त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावे आणि विशेष शिकवणी द्यावी, असे सांगून ठेविले आहे. सांगणे आणि होणे यांत जे अंतर आपल्या खेड्यांतील मुलांच्या बाबतीत पडते, ते परमुलखातील मुलांच्या बाबतीत किती पडत असेल हे सांगावयास नको.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वळिवड्याच्या शाळेने आपले भविष्य निःसंदिग्धपणे निवडले होते : परत जाणे. भाषा पोलिश, इतिहास पोलंडचा, नद्या तिकडच्या, सणवार तिकडचे. शाळा सुटल्यावर बालवीरांची पथके, त्यांच्या शपथा आणि त्यांची गीते तिकडचीच. मराठीशी मुलांची गाठ पडली ती दूधवाल्याशी, भाजीवालीशी, बाजारात हुज्जत घालताना. या मुलांना हिंदुस्थानची ओळख व्हावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत वांडा डिनोव्स्का या पोलिश बाईंचे नाव घेतले पाहिजे. त्या येथे उमादेवी या नावाने वावरत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्यासह त्यांनी भारतीय आणि पोलिश वाङ्मयाची देवघेव व्हावी म्हणून एक ग्रंथमाला चालविली होती. हे फ्रीडमन म्हणजे औंध संस्थानात 1938-39 च्या स्वराज्याच्या प्रयोगात अप्पासाहेब पंतांच्या बरोबरीने राबलेले आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेणारे गृहस्थ. असे अपवाद वगळता छावणीचे तोंड पश्चिमेकडेच होते, आणि त्याबद्दल तिला दोष देणे मला उचित वाटत नाही. ज्यांचे घर, गाव, बाप हिरावले गेले त्यांनी भाषाही आपणहून सोडावी ही अपेक्षा यजमानाने करू नये.

परंतु इतिहासाने त्या निवडीचा निकाल निष्ठुरपणे लावला. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टा येथे पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकविण्याचे ठरले, आणि ल्वूव, विल्नो ही शहरे, ज्यांच्या आसपासची गावे या मुलांची घरे होती, रशियाच्या अंमलाखाली गेली. 5 जुलै 1945 रोजी इंग्लंड आणि अमेरिका यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या नावाने शाळा चालत होती, ज्याच्या शिक्क्याने दाखले निघत होते आणि ज्याच्या नावावरील कर्जातून पगार होत होते, ते सरकारच एका सकाळी कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात राहिले नाही. वर्ग मात्र चालूच राहिले. खर्चाची व्यवस्था आधी इंग्रजांच्या हंगामी समितीकडे आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडे गेली, आणि 1948 पर्यंत ही मुले ज्या देशासाठी तयार झाली होती त्या देशाकडे न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी दिगंतराला गेली. थोडीच माघारी परतली.

मग ती सारी मेहनत वाया गेली काय? माझे मत असे नाही, पण त्यासाठी जी भावुक कारणे दिली जातात ती मला पटत नाहीत. संस्कृती जपली गेली, अस्मिता टिकली, हे खरे असले तरी एवढ्यावर कोणाला मेलबर्नमध्ये नोकरी मिळत नाही. त्या शाळेने जी गोष्ट दिली ती अभ्यासक्रमाहून अधिक साधी होती : सकाळी घंटा होते, कोणीतरी हजेरी घेते, गृहपाठ तपासला जातो, परीक्षा येते आणि तिच्यात नापासही होता येते. तीन वर्षे ज्यांचे दिवस एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नव्हते, त्यांच्या दिवसांना पुन्हा क्रम आला. शिकण्याची सवय एकदा लागली की भूगोल बदलला तरी ती बरोबर जाते. आणि गणित पोलिशमध्ये शिकलेले असले तरी गणितच असते.

यजमानाच्या बाजूनेही या प्रकरणाचा विचार केला पाहिजे. आपल्याकडील आदरातिथ्याच्या गौरवगीतांत तो राहून जातो. ज्या कोल्हापुरात ही छावणी वसली तेथे शाहू छत्रपतींनी 1917 मध्येच मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढलेला होता. परंतु हिंदुस्थानची एकंदर साक्षरता 1941 च्या शिरगणतीत शेकडा सोळाच्या आसपास होती, आणि छावणी वसली त्याच 1943 साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मरत होती. अशा देशात परक्या मुलांसाठी लिसेउमपर्यंतची सोय होते, याबद्दल कोणाच्या मनात किल्मिष आले असते तर ते अमानुष म्हणता आले नसते. ते फारसे आले नाही याचे एक कारण करवीरकरांचा स्वभाव असेल. पण दुसरे आणि अधिक भक्कम कारण असे की या शाळांचा बोजा कोल्हापूरच्या खजिन्यावर नव्हता आणि या मुलांनी कोणाच्या बाकावरची जागा घेतलेली नव्हती. जेथे बाक तेच आणि मास्तर तेच, तेथे परीक्षा खरी होते. लेबनानात सिरियातून इतके निर्वासित आले की चार माणसांत एक निर्वासित अशी अवस्था झाली. सरकारने त्याच शाळांत दुपारची दुसरी पाळी सुरू केली. सकाळी लेबनानी मुले, दुपारी सिरियन, आणि मध्ये थकलेला तोच शिक्षक. त्यातून तेथील शाळांत गणित आणि शास्त्र हे विषय फ्रेंचमध्ये किंवा इंग्रजीत शिकवितात, तर सिरियातील मुले ते अरबीत शिकून आलेली. शेजाऱ्यांची भाषा एक असूनही वर्गात ती परकी झाली.

वळिवड्याच्या बराकी 1948 नंतर रिकाम्या राहिल्या नाहीत. पोलिश लोक गेले आणि सिंधमधून आलेले आपलेच निर्वासित त्यांत उतरले. आज कापडाच्या घाऊक बाजाराबद्दल प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. सिंधी मुलांचा प्रश्न वरवर सोपा होता, कारण ती नागरिक होती. परंतु त्यांच्या भाषेला या देशात प्रांत नव्हता, लिपी अरबी की देवनागरी हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि 1967 मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीचे नाव आले तरी उल्हासनगरसारख्या ठिकाणच्या सिंधी माध्यमाच्या शाळा पुढे ओसच पडत गेल्या. नागरिकत्वाने सगळेच सुटते असे नाही.

भारताने या प्रश्नाला दिलेले सर्वांत विचारपूर्वक उत्तर म्हणजे तिबेटी मुलांच्या शाळा होत. मार्च 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले. त्यांच्या मागोमाग आलेल्या हजारोंना हिमालयातील रस्त्यांच्या बांधकामावर काम देण्यात आले, आणि त्या तळांवर मुले आजारी पडू लागली, मरू लागली. 17 मे 1960 रोजी जम्मूकडील अशा तळांवरून 51 मुले धर्मशाळेस आणण्यात आली, आणि दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ पत्करला. पुढील तिबेटी बालग्रामाचा उगम तोच. त्याआधी मार्चमध्येच मसुरीस पहिली शाळा सुरू झाली होती. पंडित नेहरूंनी या मुलांसाठी स्वतंत्र शाळा असाव्यात हे तत्त्व मान्य केले, 1961 मध्ये शिक्षणमंत्रालयाच्या अधीन त्यांची संस्था स्थापन झाली, आणि खर्च भारत सरकारने उचलला. येथे जी तडजोड झाली ती वळिवड्यास झाली नव्हती : भाषा, धर्म, इतिहास तिबेटचा शिकवावयाचा, पण परीक्षा भारताची द्यावयाची. परिणामतः मुलगा ल्हासाची आठवण घेऊन बाहेर पडला तरी त्याच्या हातातला कागद दिल्लीच्या महाविद्यालयात चालत असे. या व्यवस्थेची किंमतही होती. कितीएक मुले आईबापांपासून दूर वसतिगृहांत वाढली. आणि शिकल्यावर भारतीय नागरिकत्वावाचून नोकऱ्यांचे दार अर्धेच उघडे असल्याने पुष्कळांनी पश्चिमेचा रस्ता धरला. याही कामात उमादेवी आणि फ्रीडमन पुन्हा भेटतात, हा योगायोग नव्हे. ज्यांनी एक छावणी पाहिली होती त्यांना दुसरीची गरज लवकर कळली. आपल्या महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे, आणि ती पाहिलेले मराठी वाचक फार थोडे असतील याचे नवल वाटते.

याउलट टोकाचे उदाहरण कॉक्सबाजारचे. ऑगस्ट 2017 नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. बांगलादेश स्वतः दरिद्री, दाटीचा देश. त्याने त्यांना आसरा दिला हे मोठेच औदार्य. परंतु ही माणसे येथेच राहतील या धास्तीने बंगाली भाषा आणि देशाचा अभ्यासक्रम त्या मुलांना शिकविण्यास सरकारने मनाई केली, आणि छावण्यांतील वर्गांना शाळा म्हणून मान्यताही दिली नाही. 2021 च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम ब्रह्मी भाषेत हळूहळू सुरू झाला. म्हणजे ज्या राज्याच्या 1982 च्या कायद्याने या मुलांच्या आईबापांना नागरिक मानलेच नाही, त्या राज्याचे नागरिक होण्याचे शिक्षण ती आता घेत आहेत. वळिवड्याच्या मुलांनी परतीचे भविष्य स्वतः निवडले होते. येथे ते यजमानाने निवडून दिले आहे. वरवर एकच दिसणाऱ्या या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, ते या संग्रहातील लेख शेजारी ठेवून वाचल्यास स्पष्ट होईल.

1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारातील बाविसावे कलम प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत निर्वासित मुलांना देशाच्या मुलांसारखेच वागवावे असे सांगते. भारताने त्या करारावर सही केलेली नाही; परंतु आपला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाविषयी बोलतो, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून कोणासही प्रवेश नाकारू नये असे त्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट आहे. कायदा असा, आणि खिडकीमागचा कारकून जन्मदाखला, आधार आणि आधीच्या शाळेचा दाखला मागणारा. ज्याचे गाव जळाले त्याने शाळा सोडल्याचा दाखला कोणाकडून आणावा, हा प्रश्न कारकुनाचा नाही. पण उत्तर त्यालाच द्यावे लागते, म्हणून तो सर्वांत सोपे उत्तर देतो आणि मूल परत जाते.

वाचकास एवढेच सुचवावेसे वाटते की या संग्रहातील लेख दिलेल्या क्रमानेच वाचावेत असा आग्रह नाही. ज्यांना वळिवड्याची हकीकत ठाऊक आहे त्यांनी तिबेटी शाळांपासून आरंभ केला तरी चालेल, आणि लेबनानवरील भाग आकडेवारीने जरा जड झाला असल्याने तो मागे ठेवला तरी बिघडत नाही. दाखल्यांविषयीचे प्रकरण मात्र कोणी रुक्ष म्हणून गाळू नये. मुख्याध्यापकाच्या टेबलापाशी हा सारा प्रश्न कसा सुटतो किंवा अडतो ते त्यातच आहे, आणि ज्या वाचकाचा कोणत्या ना कोणत्या शाळेशी संबंध आहे, त्याला आपल्या हातून होण्याजोगे काही काम त्यातच सापडेल.